एडब्ल्यूडी गाडीचा एकच टायर बदलला तर चालतं का? (आणि टीपीएमएस, क्लचचं ऑइल वगैरे)

सह्यभटक्या

मंडळी नमस्कार,

गाडी सात सीटर एसयूव्ही, पेट्रोल ऑटोमॅटिक, एडब्ल्यूडी म्हणजे ऑल व्हील ड्राइव्ह. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, नाहीतर तिसऱ्या प्रतिसादात धाग्याचं काश्मीर होणार. टायर २३५/५५ आर १८.

ताम्हिणीत समोरून एसटी आली म्हणून गाडी कडेला घेतली, तिथे डांबराची तुटलेली धार होती, मागचा डावा टायर साईडवॉललाच कापला. साईडवॉल म्हणजे पंक्चर वगैरे विषयच नाही, टायर बाद. आता टायरवाला म्हणतो एक नवीन घाला, विषय संपला. मित्र म्हणतो एडब्ल्यूडी आहे, चारही बदल, नाहीतर मागचा क्लच जाईल. चार टायरचं कोटेशन ऐकून घरात जे वातावरण झालंय ते इथे लिहीत नाही. बाकी तिघांवर ५ मिमी गोटी (टायरवरच्या नक्षीची खोली) शिल्लक आहे, नवीन टायर ८ मिमीचा येतो.

प्रश्न दोन. एक, खरंच चार बदलावे लागतात का? दोन, टायर बदलला की टीपीएमएसला (टायरमधल्या हवेवर नजर ठेवणारी सिस्टिम) काही करावं लागतं का, आणि जाताजाता, एडब्ल्यूडीचं म्हणून वेगळं सर्व्हिसिंग काय असतं? सर्व्हिस बुकात तीन-चार ठिकाणी तीन-चार गोष्टी लिहिल्यात, सलग कुठेच नाही.

बोलेरोकर

उगाच घाबरवतात हो. आमच्याकडे वर्षानुवर्षं फोर व्हील ड्राइव्ह आहेत, एक टायर नवा तीन जुने, कधी पुढचे रिमोल्ड मागचे नवे, काऽही होत नाही. एक टायर घाला आणि उरलेल्या पैशात फॅमिलीला घेऊन कोकणात जाऊन या.

तेलकट_हात

बोलेरोकर, तुमचं तुमच्या गाडीपुरतं बरोबर आहे पण गाडीच वेगळी आहे ना. तुमची पार्ट टाइम फोर बाय फोर. थार, फॉर्च्युनर याच जातीतल्या. टू एच (नुसती मागची चाकं) मध्ये असताना पुढच्या चाकांना इंजिनचा काही संबंधच नसतो, मग पुढे कुठले टायर आहेत याचं गिअरबॉक्सला काय सुखदुःख. तीच गाडी फोर एच (चारही चाकं जोडलेली) टाकून कोरड्या डांबरावर चालवा आणि पार्किंगमध्ये फुल स्टिअरिंग मारून वळवा, मग बघा कशी अडखळते ते.

धागालेखकांची एडब्ल्यूडी आहे. त्यात ड्रायव्हरच्या हातात लिव्हर नाही, सगळं ईसीयूच्या, म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरच्या, मर्जीवर. या आडव्या इंजिनच्या गाड्यांमध्ये पुढच्या गिअरबॉक्सलाच चिकटून एक छोटा डबा असतो, पीटीयू म्हणतात, तिथून प्रोपेलर शाफ्ट मागे जातो, आणि मागच्या डिफच्या (डिफरन्शियल, डाव्या-उजव्या चाकाला वेगळ्या स्पीडने फिरू देणारा गिअरचा डबा) अगदी तोंडाशी क्लच प्लेटांचा गठ्ठा. ईसीयू चारही चाकांचा स्पीड, थ्रॉटल, स्टिअरिंगचा अँगल बघतो आणि त्या प्लेटा किती दाबायच्या ते ठरवतो. पुढची चाकं घसरायला लागली की प्लेटा दाबल्या, मागे ताकद गेली.

आता मागचे टायर घेराने मोठे आणि पुढचे लहान असतील तर सरळ रस्त्यावरसुद्धा शाफ्टचं पुढचं टोक आणि मागचं टोक वेगळ्या स्पीडने फिरायला बघणार. म्हणजे दोन माणसांचे पाय एकत्र बांधून पळायला लावलंय आणि एकाची ढांग मोठी. तो फरक कुठे जिरतो? प्लेटांमध्ये. उष्णता होऊन. रोज, तासन्‌तास.

म्हणून मी सगळ्यांना सांगतो की एडब्ल्यूडीचं सर्व्हिसिंग ऑइलपासून नाही, टायरपासून सुरू होतं. हजारोंचं ऑइल घालतील आणि हवा मात्र पेट्रोल पंपावरच्या पोराला 'टाक रे अंदाजे' म्हणतील.

आकडेमोड

तेलकटदादांच्या म्हणण्याला आकडे जोडतो.

२३५/५५ आर १८ चा व्यास साधारण ७१६ मिमी, घेर २२४८ मिमी. नवा आणि तुमचा जुना यात ३ मिमी गोटीचा फरक, म्हणजे व्यासात ६ मिमी, घेरात जवळपास १९ मिमी. टक्केवारीत ०.८ च्या थोडं वर. ऐकायला काहीच नाही, पण किलोमीटरमागे जुनं चाक पावणेचार फेरे जास्त मारतं. पुणे महाबळेश्वर १२० किमी धरलं तर साडेचारशेच्या आसपास फेरे.

आता गंमत बघा. लोक म्हणतात चार परवडत नसतील तर दोन घ्या, जोडीने एकाच ॲक्सलवर घाला. ग्रिपच्या आणि ब्रेकच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, टू व्हील ड्राइव्हला मीही तेच सांगेन. पण एडब्ल्यूडीच्या क्लचला विचाराल तर उलटं उत्तर येतं. मागे दोन्ही नवे घातले तर पुढच्या-मागच्यातला फरक पूर्ण ०.८. एकच नवा घातला तर मागचा डिफ डाव्या-उजव्याची सरासरी काढतो, शाफ्टवर फरक निम्माच येतो, ०.४. डिफला मात्र सरळ रस्त्यावरही सतत थोडं थोडं फिरत राहावं लागतं. वळणावर तो यापेक्षा कितीतरी जास्त फिरतो त्यामुळे साध्या उघड्या डिफला त्याचं फार वाटू नये, लिमिटेड स्लिप (दोन चाकांतला फरक मुद्दाम अडवणारा) असेल तर गोष्ट वेगळी.

म्हणजे 'दोन घ्या' हा मधला मार्ग वाटतो तेवढा मधला नाही. एकतर चार, नाहीतर एकच पण बाकीच्यांइतकाच झिजलेला.

सह्यभटक्या

झिजलेला टायर विकत आणायचा?? हे मला सुचलं नसतं. अमुक फरकापर्यंत चालतं असा काही आकडा आहे का?

मिनेसोटाकर

आकडा कंपनीप्रमाणे बदलतो, तुमच्या मॅन्युअलमधला असेल तो खरा. सुबारू कंपनीचा इकडे सगळ्यांना पाठ असतो, चारही टायरच्या घेरात पाव इंचापेक्षा जास्त फरक नको. पाव इंच म्हणजे ६.४ मिमी, गोटीत मोजलं तर जेमतेम १ मिमी. सुबारू इतकी कडक का, तर तिच्या ऑटोमॅटिकमध्ये पुढचं-मागचं कायम जोडलेलंच असतं, धागालेखकांच्या गाडीसारखं गरजेपुरतं नाही. त्यामुळे तुमच्याकडे थोडी जास्त सूट असू शकेल पण ३ मिमी मी तरी ठेवणार नाही.

अमेरिकेत यावर एक उपाय मिळतो, टायर शेव्हिंग. नवा टायर मशीनवर चढवून बाकीच्या तिघांइतका सोलून देतात. भावाला पुण्यात सांगितलं तर म्हणाला 'पैसे देऊन नवा टायर घासून आणायचा? आमच्या रस्त्यांवर ते फुकटात होतं'. असो.

तुमच्याकडे सगळ्यात सोपं म्हणजे तोच ब्रँड, तेच मॉडेल, तोच साईझ, गोटी ५ च्या आसपास असलेला सेकंडहँड टायर शोधणं. बरेच लोक अलॉय अपग्रेड करताना अर्धे वापरलेले टायर दुकानात देऊन जातात. घेताना साईडवॉलवरचा चार आकडी कोड बघा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. आतून हात फिरवून पॅच आहे का ते बघा, आणि साईडवॉलवर फुगा असेल तर फुकट दिला तरी घेऊ नका.

काकू_ऑन_व्हील्स

अहो पण स्टेपनी कुठे गेली सगळ्यांची? आमच्या गाडीत स्टेपनी पूर्ण साईझची आहे, पाचवा टायर धरून पाचांचं रोटेशन करते मी, दर १० हजारला. पाचही सारखे झिजतात, उद्या एक फाटला तरी जुळणारा टायर डिकीतच आहे. पहिल्या दिवसापासून करायला हवं मात्र, चार वर्षं स्टेपनी कोरी ठेवून मग बाहेर काढली तर पुन्हा तोच ३ मिमीचा घोळ.

तेलकट_हात

काकूंना +१००. पण आता कितीतरी गाड्यांत स्टेपनी एकतर बारीक स्पेस सेव्हर असते नाहीतर नसतेच. २०२० मध्ये केंद्राने नियमच बदलला, ट्यूबलेस टायर, टीपीएमएस आणि पंक्चर किट दिलं असेल तर स्टेपनी दिली नाही तरी चालते. एडब्ल्यूडीवाल्याला हे जरा जडच पडतं. स्पेस सेव्हर चढवलाच तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या स्पीडच्या आत, जवळच्या दुकानापर्यंत, आणि त्याच दिवशी काढायचा.

डेप्थ गेज नसेल तर खडूचा प्रयोग करा. सपाट पार्किंगमध्ये स्टिअरिंग सरळ, हवा चारहीत सारखी. टायरला जमिनीशी खडूची एक रेघ मारा, तिथेच खाली फरशीवर दुसरी. एकजण हळू गाडी पुढे घेईल, दुसरा बाजूने चालत फेरे मोजेल, दहा फेरे झाले की फरशीवर पुन्हा रेघ आणि टेप लावा. तुमच्या साईझला बावीस-साडेबावीस मीटरच्या आसपास येईल. एकच चाक दोनदा मोजा, हात बसतो. मग दुसऱ्या चाकाशी तुलना. दहा फेऱ्यांत सहा सेंटीमीटरच्या आत असाल तर सुबारूवाल्यांच्या कडक नियमातही बसलात. सोसायटीचे वॉचमन काका येऊन 'काय हरवलंय का' विचारतील, तेवढी तयारी ठेवा.

हवाभरे

वाखू (वाचनखूण) साठवली.

टीपीएमएसवर कोणी बोलत नाहीये म्हणून मी लिहितो, माझं टायरचंच दुकान आहे नाशकात.

दोन प्रकार. डायरेक्टमध्ये प्रत्येक चाकात वॉल्व्हच्या बुडाशी सेन्सर असतो, आत बॅटरी, तो रेडिओवरून आकडा पाठवतो. इनडायरेक्टमध्ये चाकात काहीच नसतं, एबीएसचे सेन्सर चाकांचे फेरे मोजतात, हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं, जास्त फिरतं, त्यावरून गाडी अंदाज बांधते. म्हणजे एडब्ल्यूडीचा ईसीयू जो डेटा बघतो तोच. स्क्रीनवर चार चाकांचे चार आकडे दिसत असतील तर डायरेक्ट, नुसता 'टायर तपासा' दिवा आणि मेनूत सेट करायचं बटण असेल तर बहुतेक इनडायरेक्ट.

इनडायरेक्टवाल्यांनी हवा भरली, टायर बदलला, रोटेशन केलं, की मेनूत जाऊन सेट दाबायचं. आणि आधी हवा बरोबर करून मगच दाबायचं! लोक काय करतात, दिवा लागला की हवा न बघताच सेट दाबतात, दिवा जातो, गाडी ती कमी हवाच बरोबर म्हणून शिकून बसते.

डायरेक्टवाल्यांनी टायर काढायच्या आधी दुकानात सांगा की आत सेन्सर आहे. बीड (टायरची रिमला चिकटलेली कड) फोडायचा फाळ वॉल्व्हपाशी पडला की सेन्सरचा तुकडा आणि मग भांडण. पंक्चरचं लिक्विड आत टाकलं असेल तर तेही सांगा, सेन्सरचं भोक बुजतं त्याने, टायर उघडल्यावर पुसून काढावं लागतं. बॅटरी ५ ते १० वर्षं चालते, ती एकटी बदलता येत नाही, सेन्सरच बदलायचा. म्हणून सात-आठ वर्षं जुनी गाडी असेल आणि टायर तसेही उतरवताय तर तेव्हाच बदला, परत परत टायर उतरवण्याचे पैसे देऊ नका.

दिवा कसा लागतो तेही बघा. चालू करताच सरळ लागून राहिला तर हवा कमी. मिनिटभर लुकलुकून मग लागून राहिला तर सिस्टिममध्येच बिघाड, बहुतेक वेळा सेन्सरच गेलेला असतो. लुकलुकणारा दिवा घेऊन हवा भरायला येणारे रोज येतात, मी हवा भरून देतो, दिवा काही जात नाही, मग माझ्याच गेजवर संशय.

रत्नांग्री_हापूस

हवाभरे, वॉल्व्हच्या टोप्यांवर लिहा हो जरा. आमच्याकडे समुद्राच्या हवेत त्या पितळी चकचकीत टोप्या अल्युमिनियमच्या वॉल्व्हवर अशा काय बसतात की पकडीने फिरवली तर वॉल्व्हच तुटून हातात येतो.

हवाभरे

बरोबर. पितळ आणि अल्युमिनियम ओल्या खाऱ्या हवेत एकत्र आलं की अल्युमिनियम खाल्लं जातं. टोपी साधी प्लास्टिकचीच ठेवा, दिसायला गरीब पण निघते. आतली पिन पण निकेल चढवलेली घ्यायची, पिवळी साधी पिन सेन्सरच्या वॉल्व्हमध्ये घालू देऊ नका. आणि टायर उतरवला की वॉल्व्हचा रबर सील, वॉशर, नट नवीन, किरकोळ पैशांत येतं.

चुलतभाऊ_जर्सीत

यावरून एक. घरून फर्मान आलं की इंडियात टीपीएमएस सेन्सर महाग आहेत, येताना चार घेऊन ये. आणण्याआधी शोधलं ते बरं झालं. अमेरिकेतले बरेचसे सेन्सर ३१५ मेगाहर्ट्झवर बोलतात, युरोपात आणि आपल्याकडे ४३३ चालतं. ३१५ वाला आपल्या गाडीत बसेल छान, पण गाडी त्याचं ऐकणारच नाही. पार्ट नंबर आणि फ्रिक्वेन्सी दोन्ही जुळल्याशिवाय कुणाच्या बॅगेत सेन्सर टाकायला लावू नका. जागा चितळेंच्या बाकरवडीला ठेवा, ती उलट्या दिशेने का होईना.

मिनेसोटाकर

थंडीचं पण सांगतो. इकडे २००७ च्या सप्टेंबरपासून सगळ्या नवीन कार आणि एसयूव्हींना टीपीएमएस सक्तीचं आहे, फोर्ड-फायरस्टोन प्रकरणात एवढी माणसं गेली त्यानंतर आलेल्या कायद्यामुळे. पण तो दिवा दारावरच्या स्टिकरपेक्षा २५ टक्के कमी झाल्यावर लागला तरी नियमात बसतो. स्टिकर ३२ पीएसआयचा तर दिवा २४ ला. म्हणजे २६ वर तुम्ही आरामात फिरताय, दिवा गप्प, टायरच्या कडा घासतायत आणि घेर बदलल्यामुळे एडब्ल्यूडीलाही त्रास. दिवा नाही म्हणजे हवा बरोबर, असं नाही.

नोव्हेंबरात पहिल्या कडक सकाळी अर्ध्या गल्लीच्या गाड्यांचे दिवे लागतात. २० डिग्रीला ३० भरलेली हवा उणे २० ला २४ दाखवते. कुठे गळती नसते, फक्त थंडी.

लेह_लडाख_२

मग लेहला काय करायचं? एक ग्रुप म्हणतो वर गेल्यावर हवा काढा, फुगते. दुसरा म्हणतो भरा, थंडीने बसते.

आकडेमोड

दोन्ही ग्रुप अर्धे बरोबर :) साडेतीन हजार मीटरवर बाहेरच्या हवेचा दाब साडेनऊ पीएसआयच्या आसपास, पुण्यात पावणेचौदा. गेज बाहेरच्यापेक्षा आत किती जास्त ते दाखवतं, म्हणून तापमान तेच ठेवलं तर लेहला गेज चारने वर जाईल. पण पुण्यात ३० डिग्रीला ३३ भरली आणि लेहची सकाळ २ डिग्रीची, तर थंडीने तेवढंच खाली आणलं. हिशेब केला तर पुन्हा ३३ च येतात, मला स्वतःला दोनदा तपासावं लागलं. तेव्हा मुक्कामी, सकाळी, गाडी हलवायच्या आधी स्वतःच्या गेजने बघा आणि स्टिकरप्रमाणे ठेवा. दुपारी चढ चढून गरम झालेल्या टायरची हवा काढू नका. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर पण तेच, फूड मॉलला ३७ दिसली म्हणून घाबरून काढली की दुसऱ्या दिवशी सकाळी २९.

फिरस्ता_६०१

नायट्रोजन भरा की राव, हे सगळे प्रॉब्लेमच नाहीत. समृद्धीवर जायचं तर भरावीच लागते.

हवाभरे

नायट्रोजन विकतो मी, तरी सांगतो. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. कोरडी असते, जरा हळू गळते, एवढाच फायदा. तापली की तीही फुगते. समृद्धीवर तपासणीवाले गोटी बघतात, टायर गुळगुळीत असेल तर आत कुठली हवा आहे ते कोण विचारतंय.

सह्यभटक्या

भारी माहिती मिळतेय. टायरचं सांगतो, चिंचवडला एका दुकानात सेम मॉडेल मिळाला, गोटी साडेपाच, बाकी तिघांच्या पुढच्या वर्षी बनलेला, आत पॅच नाही. घातला. खडूचा प्रयोग पण केला, फरक तुम्ही सांगितलेल्या हद्दीत आहे. मेनूत सेट दाबलं, दिवा नाही.

आता ऑइलचं सांगा ना. गाडी ५२ हजार किमी झालीय.

तेलकट_हात

इंजिन आणि गिअरबॉक्स सोडून आणखी तीन ठिकाणी ऑइल आहे. पुढचा पीटीयू, मागचा क्लच, मागचा डिफ. तिन्ही वेगळी, तिन्ही जेमतेम अर्धा-एक लिटरची, म्हणूनच विसरली जातात. क्लच आणि डिफ बाहेरून एकच डबा दिसतो पण आत वेगळे कप्पे असतात, क्लचमध्ये चुकून डिफचं ८०डब्ल्यू९० गिअर ऑइल गेलं की प्लेटा कुरकुरायला लागतात. होंडासारख्या काहींचा क्लच डिफच्याच तेलात असतो, तिथे फक्त त्यांचंच ड्युअल पंप फ्लुइड. उगाच 'सेमच असतं' म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

तुमचा क्लच बहुतेक हॅल्डेक्स कंपनीचा असणार. मूळ स्वीडिश, २०११ पासून बोर्गवॉर्नरकडे. पाचव्या पिढीत बदलायचा वेगळा फिल्टर ठेवलाच नाही, पंपाच्या तोंडाला एक बारीक जाळी आहे. प्लेटांची झीज होऊन जो काळा गाळ होतो तो तिथे चिकटतो, जाळी तुंबली की पंप जोर लावून लावून जळतो. आणि लबाडी अशी की बऱ्याचदा दिवा पण लागत नाही. गाडी गुपचूप फ्रंट व्हील ड्राइव्ह होते. मालकाला कळतं थेट पावसात, चिखलाच्या चढावर, पुढची चाकं जागेवर फिरायला लागल्यावर. म्हणून नुसतं ऑइल काढून ऑइल घातलं तर अर्धंच काम झालं. पंप खोलून जाळी धुतली का, हे विचारा, शक्य असेल तर समोर उभे राहा. ५२ हजार म्हणजे आता कराच.

डिफ आणि पीटीयूला बरेचजण 'लाइफटाइम' म्हणतात. पीटीयू सायलेन्सरच्या पाइपाला खेटून असतो, थोडंसं तेल, सतत शिजतं. मी तर बदलतो. करताना भरायचा बोल्ट आधी सैल करायचा, मग खालचा. खालचा काढून तेल सांडलं आणि वरचा बोल्ट गोल झाला तर गाडी रॅम्पवरच राहते. खालच्या बोल्टच्या चुंबकावर करडी बारीक पेस्ट असेल तर ठीक, दातांचे चकचकीत तुकडे असतील तर आवाजाकडे लक्ष द्या. तेल दुधाळ निघालं तर पाणी शिरलंय.

काकू_ऑन_व्हील्स

पाणी शिरतं कुठून पण? बंद डबा ना?

तेलकट_हात

वर ब्रीदरची नळी असते काकू. घाट उतरून डिफ तापलेला असतो, तसाच ओढ्यात घातला की आतली हवा एकदम आकसते आणि ब्रीदरमधून, सीलमधून पाणी ओढून घेते. पावसाळ्यात साकवावरून पाणी वाहताना गाडी घालू नका हे तर आहेच, पण चाकाच्या मध्याच्या वर पाण्यात उभी राहिली असेल तर पुढची सर्व्हिस यायची वाट न बघता तेल बघून घ्या.

बोलेरोकर

बरं मानलं. एकच शंका, मेव्हण्याची एडब्ल्यूडी साताऱ्याजवळ बंद पडली होती, क्रेनवाल्याने पुढची चाकं उचलून ओढत नेली. काही झालं असेल का?

तेलकट_हात

किती लांब?

बोलेरोकर

गॅरेजपर्यंत, तीनेक किमी असेल. हळूच नेली म्हणे.

तेलकट_हात

तीन किमी हळू म्हणजे बहुतेक वाचली, पण मागच्या डिफचं आणि क्लचचं तेल काढून वास घ्या, जळका आला तर बदला आणि स्कॅनर लावून क्लचचा कोड बघा. पुढच्या वेळी फोनवरच 'फ्लॅटबेड पाठवा' (चारही चाकं वर चढवून नेणारा ट्रक) सांगायचं, आणि आली दुसरी गाडी तर परत पाठवायची. आणि गॅरेजमध्ये कुणी दोनच चाकं जॅकवर घेऊन रेस देत असेल तर त्याला थांबवा, क्लच लागला की गाडी जॅकवरून पुढे उडी मारते.